सिकल सेल : वारसा दोघांचा, बोल एकीला

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही माझ्याकडे मुलांच्या आहाराविषयी लेख मागितला होता. गेली काही वर्षे मी तोच विषय निरनिराळ्या मथळ्यांखाली लिहीत आलो आहे, आणि त्यामुळे आपल्या मंडळातील बालगोपाळांच्या आहारात तिळमात्र फरक पडल्याचे माझ्या दवाखान्यात तरी आढळलेले नाही. तेव्हा यंदा संपादकांची क्षमा मागून मी दुसरा विषय घेतला आहे. तो सुखद नाही, परंतु आपल्या अगदी शेजारचा आहे. आणि त्यात माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, जी समव्यवसायी मित्रांसमोर मांडणे मला आवश्यक वाटते.

आपली मराठी कुटुंबे पवारांच्या, होळकरांच्या मागोमाग माळव्यात आली त्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली. धार आणि देवास ही आपल्याला आपलीच गावे वाटतात. परंतु देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला विंध्याचा उतार सुरू होतो, सागाचे जंगल लागते आणि पलीकडे नर्मदा येते, त्या बागली-लोहारद्याच्या पट्ट्यातील भिलाला, बारेला, कोरकू, गोंड मंडळी आपले शेजारी आहेत हे आपल्या कितपत ध्यानात असते? धार जिल्ह्यात तर २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यांच्या मुलांच्या रक्तात काय आहे, हे आपण वैद्यकीय पदवी घेतलेल्यांनीही पुष्कळ उशिरा जाणून घेतले.

काही वर्षांपूर्वी लोहारद्याला एका आरोग्य शिबिरात दीड वर्षाचा एक मुलगा माझ्यापुढे आला. हातापायांचे पंजे सुजलेले, बोटे जणू फुगवून ठेवलेली, स्पर्श करताच आकांत. सोबत त्याची आई, वय फार तर वीस, आणि आजी. ‘गठिया’ म्हणून कोणी इंजेक्शने दिली होती, कोणी दंडाला काळा दोरा बांधला होता. मूल फिकट होते, प्लीहा दोन बोटे हाताला लागत होती. पाठ्यपुस्तकात हातापायांच्या सुजेचे जे चित्र असते ते समोर मांडीवर बसले होते. मी रक्त तपासायला पाठवले. अहवालात प्रौढ हिमोग्लोबिन नव्हतेच. बहुतांश ‘एस’ आणि उरलेले गर्भावस्थेतील ‘एफ’. पुढच्या खेपेला आईचेही रक्त घेतले. तिच्यात ‘एस’ साधारण एक तृतीयांशाहून थोडे अधिक होते, म्हणजे ती वाहक होती. बाप गुजरातेत मजुरीला गेलेला, तो काही तपासणीला आला नाही.

अहवाल हातात घेऊन मी त्या मुलीला, सासूच्या समक्ष, समजावून सांगितले. “हा आजार रक्ताचा आहे. तुझ्या रक्तात याचा अंश आहे, तो तुझ्याकडून बाळाकडे आला.” वाक्य खरे होते. धर्मराजाचा रथ ज्या प्रकारच्या सत्याने जमिनीवर आला, त्याच प्रकारचे खरे. तीन महिन्यांनी मुलाला घेऊन आजी एकटीच आली. सुनेला माहेरी पाठवून दिले होते. “डॉक्टरसाब, जिच्या रक्तातच खोट, तिला ठेवून काय करायचे?” असे ती अगदी सहज, व्यवहाराची गोष्ट सांगावी तसे म्हणाली. तिला माझा आधार होता. ते माझेच वाक्य होते.

आता जनुकशास्त्राकडे वळतो, कारण माझी चूक नेमकी तेथे होती. वैद्यकीय वाचकांना पुढील काही परिच्छेद परिचयाचे वाटतील; त्यांनी इतरांसाठी धीर धरावा.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. ‘सिकल’ म्हणजे विळा. पुढे १९४९ हे वर्ष फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी लिनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा दोष पेशीचा नसून हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आहे. आणि त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचा हिशेब मांडला, की रुग्णाच्या आई आणि बाप या दोघांच्याही रक्तात हा गुण असतो. त्यानंतर १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्राम यांनी तो फरक नेमका कोठे आहे ते शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात एक अक्षर बदलले आहे, एवढेच. शुद्धलेखनाची एक चूक, असे विद्यार्थ्यांना सांगताना मी म्हणत असे. आता म्हणत नाही. कारण पुढे येईल.

या बदलाने काय होते? प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या ताठ दोऱ्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. अडकल्याने वेदना, फुटल्याने रक्तक्षय. गर्भात आणि जन्मानंतरचे काही महिने मुलाच्या रक्तात मुख्यतः ‘एफ’ प्रकारचे हिमोग्लोबिन असते, आणि त्यात बीटा साखळी नसतेच. म्हणून हे मूल जन्मतः गुटगुटीत असते, सहा महिन्यांनंतर दुखू लागते. चांगले असलेले मूल अचानक बिघडले, म्हणजे कोणाची तरी दृष्ट लागली असे घरच्यांना वाटते, यात त्यांचे अज्ञान मानण्याचे कारण नाही. त्यांचे निरीक्षण अचूक आहे; कारण मात्र आपण सांगायला हवे होते.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक वडिलांची. एक प्रत ‘एस’ आणि एक सर्वसाधारण असेल तर ती व्यक्ती वाहक. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो शेतात राबतो, त्याचे आयुष्य इतरांइतकेच असते. क्वचित लघवीवाटे रक्त जाणे, अतिश्रमात किंवा अतिउंचीवर त्रास होणे एवढेच संभवते. दोन्ही प्रती ‘एस’ असल्या तरच रोग. याचा सरळ अर्थ असा की मुलात दोन्ही प्रती ‘एस’ आढळल्या त्या क्षणी बापाचे रक्त न तपासताही मला ठाऊक होते की त्यातील एक प्रत त्याची आहे. दुसरी येणार कोठून? बाप गुजरातेत होता, पण त्याचा अर्धा वाटा माझ्या टेबलावर अहवालात पडला होता. तरीही मी म्हणालो, “तुझ्याकडून आला.” जी समोर बसली होती तिच्याविषयी बोललो, जो नव्हता त्याच्याविषयी बोललो नाही. आपल्या बाह्यरुग्ण विभागात हे रोज घडते. मुलाला घेऊन आई येते, म्हणून आईचे रक्त तपासले जाते, म्हणून दोष आईत सापडतो.

दुसरा घोटाळा ‘चारांत एक’ या शब्दांचा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि दोन्ही प्रती निर्दोष असण्याची चारांत एक. आपण हे सांगतो आणि समोरचा मान डोलावतो. तो समजतो ते असे : चार मुले होतील, त्यांतले एक आजारी; ते झाले, आता तिघे सुखरूप. एका शिकल्यासवरलेल्या शिक्षकाने मला हेच ऐकवले होते. कवडी उपडी पडली की उताणी, याची पुढच्या खेळीला आठवण नसते, तशी गर्भालाही मागच्या भावंडाची आठवण नसते. चार मुले झालेल्या अशा जोडप्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांच्या घरी एकही रुग्ण नसतो. आणि ज्यांना दोनच मुले झाली अशा सोळांत एका जोडप्याची दोन्ही मुले रुग्ण असतात. पहिल्या घरी कोणाला काही कळत नाही आणि दुसऱ्या घरी सुनेला पांढऱ्या पायाची म्हणतात. जनुके दोन्ही घरांत तीच.

आपल्यापैकी काहीजण मान हलवून म्हणतील की त्या लोकांत जवळच्या नात्यात लग्ने होत असतील. वस्तुस्थिती उलट आहे. भिल, भिलाला, बारेला मंडळी आपल्या कुळात लग्न करीत नाहीत. मामाच्या मुलीशी लग्न चालते ते आपल्या महाराष्ट्रातील अनेक समाजांत. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात याची सविस्तर चर्चा केली आहे. थोडा हिशेब करून पाहा. आजोबा वाहक असतील, तर आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी दोघेही वाहक निघण्याची शक्यता सोळांत एक, आणि त्यांचे मूल रुग्ण होण्याची चौसष्टांत एक. आता ज्या समाजात दर पाच माणसांत एक वाहक आहे, तेथे परस्परांशी रक्ताचे काहीही नाते नसलेले दोघे वाहक असण्याची शक्यता पंचवीसांत एक, मूल रुग्ण होण्याची शंभरांत एक. गोत्र टाळले म्हणून जनुक टळत नाही. महाराष्ट्रातील पाहण्यांत भिल, पावरा, माडिया, परधान या समाजांत वाहकांचे प्रमाण शेकडा वीस ते पस्तीसपर्यंत आढळले आहे. भिल आणि पावरा म्हणजे सातपुड्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंना राहणारी आपल्याच शेजाऱ्यांची भावकी.

आणि हा आदिवासींचाच आजार, ही समजूतही सोडून द्यावी. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत याचा प्रथम शोध लागला, त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९५८ मध्ये, नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही हे जनुक आहे. शिवाय इंदूर-देवासच्या शहरवस्तीत सिंधी व इतर कुटुंबांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक पुष्कळ आहेत. एका पालकाकडून ‘एस’ आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचे जनुक आले तर मुलाला सिकल सेलसारखाच आजार होतो, आणि साध्या विद्राव्यता चाचणीत तो दुसरा पालक ‘निर्दोष’ ठरतो. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांतील भेद सांगत नाही, सहा महिन्यांखालील बाळात तिच्यावर विसंबता येत नाही, आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर कोणताही अहवाल फसवतो. सहकाऱ्यांना एवढी विनंती, की केवळ त्या चाचणीच्या बळावर कोणालाही लग्नाचा सल्ला देऊ नये.

शासनाने आता हा प्रश्न मनावर घेतला आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेशाचे सिकल सेल अभियान सुरू झाले, झाबुआ आणि अलिराजपूरपासून. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय अभियानाची घोषणा झाली. सतरा राज्यांतील आदिवासी भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे निर्मूलन, असे ध्येय ठेवण्यात आले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्याच धार जिल्ह्यात, बदनावरजवळच्या भैंसोल्याला, राज्यातील एक कोटीवे तपासणी कार्ड प्रधानमंत्र्यांच्या हस्ते देण्यात आले. आपल्या सेवाकाळात एखाद्या रक्तरोगाकडे एवढे लक्ष गेल्याचे मला तरी आठवत नाही. राज्यपाल मंगुभाई पटेल यांनीही २०२१ मध्ये पदावर आल्यापासून हा विषय सातत्याने लावून धरला.

माझे मतभेद आहेत ते कार्डाच्या उपयोगाविषयी. लग्नाआधी पत्रिका जुळवता तशी कार्डे जुळवा, असा संदेश सर्वत्र दिला जातो. ऐकायला तो चतुर आहे. परंतु पत्रिका जुळवण्याचा आपला स्वतःचा अनुभव काय सांगतो? मंगळ मुलाच्या पत्रिकेतही असतो आणि मुलीच्याही. अडून राहतात त्या मुली. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक मेळाव्यात बसलेल्या कोणालाही विचारून पाहावे. मुलीचे कार्ड मागितले जाईल, मुलाचे ‘नंतर पाहू’ म्हटले जाईल, आणि वाहक मुलगी ही ‘रक्ताने खोटी’ ठरेल. एका शाळेत तपासणीचे निकाल वर्गात नावे पुकारून सांगितल्याचे मी ऐकले, आणि नंतर त्या शाळेतील एका तेरा वर्षांच्या वाहक मुलीला तिच्या आईने, तिला काहीही होत नसताना, माझ्याकडे ‘औषध सुरू करा’ म्हणून आणले. तिला औषधाची नव्हे, ते नाव पुकारले जाण्याआधीच्या दिवसाची गरज होती, आणि तो दिवस माझ्याजवळ नव्हता.

हे भय काल्पनिक नाही. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावात सिकल सेलचे प्रमाण फार होते. तेथे सर्व गावकऱ्यांची तपासणी करून, समजावून सांगून, वाहकांनी परस्परांशी विवाह करू नयेत असा प्रयत्न झाला. काही वर्षांनी स्टॅमॅटोयानोपुलोस यांनी परिणाम पाहिले आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. वाहकांना कमीपणा आला होता, अनेकांनी आपली स्थिती लपवून लग्ने केली होती, आणि वाहक-वाहक विवाहांची संख्या योगायोगाने झाली असती तेवढीच राहिली होती. गावाला कलंक तेवढा नवा मिळाला. अमेरिकेत १९७० नंतर घाईने केलेल्या तपासणीच्या कायद्यांमुळे वाहक कृष्णवर्णीयांना नोकऱ्या आणि विमा मिळणे अवघड झाले. तेथील वायुदलाच्या अकादमीचे दार वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते. सायप्रसमध्ये थॅलेसेमियाबाबत निराळा अनुभव आला. तेथे विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र लागते, परंतु दोघेही वाहक निघालेल्या जोडप्यांतील फारच थोडी विलग झाली. बहुतेकांनी लग्न केले आणि गर्भजल तपासणीसारख्या सोयींचा आधार घेतला. म्हणजे तेथे माहिती उपयोगी पडली ती लग्न मोडण्यासाठी नव्हे. आपल्याकडे ती सोय मोठ्या शहरांपुरती आहे. लोहारद्याच्या वरच्या पाड्यावरील बाईला दहा-बारा आठवड्यांच्या आत तेथपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था नसताना तिच्या हाती फक्त कार्ड देणे, याला मी समुपदेशन म्हणायला तयार नाही.

आणखी एक गोष्ट, जी सभांमध्ये कोणी बोलत नाही. समजा, उद्यापासून एकाही वाहकाने वाहकाशी लग्न केले नाही. रुग्ण बालके जन्माला येणे थांबेल, हे खरे. परंतु जनुक? वाहक आणि निर्दोष यांच्या संततीत निम्मी मुले वाहक होणारच. रुग्ण बालकांच्या अकाली मृत्यूने जी ‘एस’ प्रत प्रत्येक पिढीत थोडी थोडी गळत होती तीही गळायची थांबेल. पाच पिढ्यांनंतरही पाचांत एक वाहक राहतील, कदाचित किंचित अधिकच. म्हणून ‘निर्मूलन’ या शब्दाने फसू नये. हे जनुक आपल्याबरोबर राहणार आहे आणि त्याच्याबरोबर कसे राहायचे एवढाच प्रश्न आहे.

ते राहिले का, याचेही उत्तर आपल्याजवळ आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले की वाहक मुलांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. ज्या जंगलांत मलेरियाने मुले मरत, तेथे ही एक ‘एस’ प्रत ज्यांच्याकडे होती ती जगली, त्यांची वंशवेल वाढली. आपल्याकडचे हे जनुक आफ्रिकेतून आलेले नाही. त्याच्या आजूबाजूच्या गुणसूत्राची ठेवण तपासल्यावर असे दिसले की अरबस्तान-भारत या प्रदेशात ते स्वतंत्रपणे उद्भवले. विंध्य-सातपुड्याच्या जंगलांत त्याने किती पिढ्यांची राखण केली असेल! म्हणून मी त्याला ‘शुद्धलेखनाची चूक’ म्हणणे सोडले. ज्या आजीने सुनेला घालवले, तिच्या पूर्वजांना कदाचित याच खोटीने वाचवले असेल.

याच भारतीय प्रकारात ‘एफ’ हिमोग्लोबिन अधिक राहते, म्हणून आपल्याकडील सिकल सेल सौम्य, असे आम्हाला एम.डी.च्या वर्गात शिकवले गेले. मध्य भारतातील बालरोगतज्ज्ञांचा अनुभव वेगळा आहे. मुलांना तीव्र वेदनांचे झटके येतात, छातीत गुंतागुंत होते, पक्षाघातही होतो. तेव्हा रुग्ण मुलांसाठी काय करता येते, हे माझ्या लेखी लग्नाच्या कार्डापेक्षा अधिक निकडीचे आहे, आणि करता येण्यासारखे पुष्कळ आहे. जमैकात किंग्स्टनच्या एका प्रसूतिगृहात १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बालके तपासून सिकल सेलची मुले जन्मतःच नोंदवण्यात आली. डॉ. ग्रॅहॅम सर्जंट यांच्या त्या चमूने आयांना एक साधी गोष्ट शिकवली : रोज मुलाच्या पोटाला हात लावून प्लीहा चाचपायची, एकाएकी वाढली तर तडक रुग्णालयात यायचे. प्लीहेत रक्त साठून होणारे मृत्यू त्यामुळे घटले. एक हात आणि एक शिकवलेली आई. यंत्र लागले नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांखालील रुग्ण मुलांना तोंडाने पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग शेकडा ८४ ने कमी झाले. त्या जंतूची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना हायड्रॉक्सियुरिया कमी आणि ठरावीक मात्रेत, दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, देऊन पाहिले, आणि वेदनांचे झटके, रक्त चढवणे, रुग्णालयात दाखल होणे हे सर्व कमी झाले. हे औषध महाग नाही. ते दर महिन्याला, न चुकता, पाड्यापर्यंत पोहोचले पाहिजे, इतकेच. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकसंपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली आणि आपल्या वृत्तपत्रांनी त्याला पहिले पान दिले. मी त्या शास्त्रज्ञांना नमस्कार करतो. पण लोहारद्याच्या मुलाला आज पेनिसिलिनची गोळी हवी आहे आणि तिला पहिले पान मिळत नाही.

एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी हा लेख कच्चा असताना वाचून विचारले, “मग काय, वाहकांना सांगायचेच नाही?” सांगायचे. परंतु दोघांना एकत्र बसवून सांगायचे, बंद खोलीत सांगायचे, आणि मुलाच्या अहवालात दोन्ही प्रती ‘एस’ असतील तर “तुम्हा दोघांकडून एकेक आली” हेच पहिले वाक्य असले पाहिजे, नवरा समोर नसला तरी. क्वचित तपासणीत पितृत्वाविषयीच भलते काही उघड होते. तेथे डॉक्टरांनी गप्प राहण्याची कलाही शिकून घ्यावी.

आता प्रश्न उरतो तो नवरा सापडायचा कसा? याचे उत्तर मला त्या कुटुंबानेच दिले. मुलाचा बाप फाल्गुनात घरी आला. होळीच्या आधीच्या आठवड्यात धार-झाबुआकडे भगोरियाचे हाट भरतात, आणि दूरदूर मजुरीला गेलेली माणसे सणाला गावी परततात. त्याच आठवड्यात मी निरोप धाडला आणि तो, काहीसा नाखुशीने, आला. त्याचे रक्त घेतले. अर्थातच वाहक. मी आजीला, त्याला, आणि माहेरून बोलावून आणलेल्या त्या मुलीला एकत्र बसवले आणि दोन मुठींत दोन-दोन मणी घेऊन पुन्हा सर्व सांगितले. आजी बराच वेळ मण्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, “डॉक्टरसाब, मशीनमध्ये काही बिघाड असेल.” मुलगा मात्र काही बोलला नाही. पावसाळ्यापूर्वी तो बायकोला घेऊन आला. ती घरी कधी आली, कशी आली, हे मी विचारले नाही. मुलगा आता शाळेत जातो, हायड्रॉक्सियुरिया घेतो, आणि प्लीहा चाचपायला त्याची आई माझ्यापेक्षा पटाईत झाली आहे.

आपले मंडळ दरवर्षी पावसाळ्यानंतर शिबिर घेते, कारण तेव्हा आपल्याला सवड असते. तेव्हा पाड्यांवर फक्त बायका, मुले आणि म्हातारे असतात. माझी सूचना अशी की यापुढे लोहारद्याकडील सिकल सेल तपासणी शिबिर होळीच्या आधीच्या आठवड्यात ठेवावे, जोडप्यांची एकत्र नोंद करावी आणि निकाल सांगण्यासाठी स्वतंत्र खोली मिळेल अशीच जागा घ्यावी. कार्यकारिणीच्या पुढील सभेत मी हा ठराव मांडणार आहे. त्या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांच्या घरी परीक्षा असतात, हे मला ठाऊक आहे.